जांभळी चिंधी

डेट्रॉइट
३ मार्च १९९६

लुव्हेनिया मावशी,

नाताळात पाठवलेली मिरचीच्या लोणच्याची बरणी पोचली, संपली आणि धुऊनही झाली. पोच मात्र मी आज देते आहे. रागवायचं असेल तर आधी रागवून घे, मग पुढे वाच.

आई गेल्यापासून जे डोक्यात घोळत होतं ते अखेर केलं. आमच्या चर्चच्या तळघरात दर गुरुवारी संध्याकाळी जेवण घालते. येईल त्याला, फुकट. साठ-सत्तर माणसं येतात. मांस नाही, मासे नाहीत, अंडंसुद्धा नाही. चवळी, रताळी, भात, मक्याचा पाव आणि कॉलर्डची पालेभाजी. पहिल्या गुरुवारी एक म्हातारबाबा ताट घेऊन परत माझ्यापाशी आले नि म्हणाले, "पोरी, माझी कोंबडी वाढायची राहिली." म्हटलं, बाबा, कोंबडी नाहीच. तर म्हणाले, "मग हे काय, जेवणाआधीचं जेवण आहे का?" पण पुढच्या गुरुवारी आले, आणि येताना शेजाऱ्यालाही घेऊन आले. आईचे पाय साखरेनं गेले, आधी एक, मग दुसरा, आणि इस्पितळातून घरी आल्या आल्या तिनं डुकराचे तळलेले तुकडे मागितले होते ते तुला आठवत असेल. मीच तळून दिले होते. ते माझ्याच्यानं विसरवत नाही.

आता माझे दोन संशय. तू उडवून लावशील, तरी विचारते.

पहिला. नाताळच्या कार्डावरचं अक्षर तुझं नाही. मी लहानपणापासून तुझी पत्रं वाचत आलेय. कोण लिहितंय?

दुसरा. आईच्या मयताच्या जेवणात तू मला कॉलर्डची भाजी वाढलीस. मला मांस सोडून वर्ष झालं होतं. मी विचारलं, "मावशी, यात मांस आहे का?" तू म्हणालीस, "नाही गं." इतकी चव कांद्यानं येत नाही मावशी. मी दोन वर्षं प्रयत्न करतेय.

आणखी एक. इथे लोक मला विचारतात, कोंबडी का नाही. मला त्यांना खरं सांगायचंय. तू एकोणीस वर्षं कोंबड्यांच्या कारखान्यात आहेस. त्या जिवंत असतानाच टांगतात का? त्यांना कळतं का? गाड्यांमधून येतात तेव्हा पाय मोडलेले असतात असं मी वाचलं. एवढे हाल करून आणलेला घास गळ्याखाली कसा उतरतो, हे मला लोकांना विचारायचंय. सविस्तर लिही.

तू बरी असशीलच.

तुझी जॉनेटा


बेथेल क्रीक, मिसिसिपी
१६ मार्च १९९६

जॉनेटा,

तुझं पत्र मिळालं. पाकिटाला दोनदा डिंक लावलेला होता. तूच लावलास की वाटेत कुणी लावला ते कळव. आमच्या टपालकचेरीच्या खिडकीत बसते ती मुकादम हॉलिसची बायको आहे, हे ध्यानात ठेव.

अक्षर माझंच आहे. नवा चष्मा लागलाय. चष्मा बदलला की अक्षर बदलतं. तुझ्या वयाला नाही कळायचं.

भाजीचं म्हणशील तर तिच्यात मांस नव्हतं. मी चर्चमध्ये दाराशी पांढरे हातमोजे घालून उभी राहणारी बाई आहे, मयताच्या घरी खोटं बोलेन का? टर्कीची धुरावलेली मान होती, तीही चवीपुरती, आणि वाढण्याआधी मी ती काढून घेतली होती. मानेला आमच्याकडे कुणी मांस म्हणत नाही. तुझी आईसुद्धा म्हणत नव्हती. आता तू डोळे वटारतेस म्हणून सांगते: लोखंडी तव्यात कांदा टाक आणि करपू दे. लाल नाही, काळा. बायका जिथे घाबरून चूल बंद करतात, तिथून पुढे आणखी दोन मिनिटं. मग त्यात भाजीचं पाणी घाल. मान घातली नाही हे कुणाच्या लक्षात येणार नाही.

कोंबडीच्या हालांबद्दल तू चार ओळी लिहिल्यास. मी मोजल्या. माझ्याबद्दल तीन शब्द: तू बरी असशीलच.

ठीक आहे, विचारतेसच तर ऐक. जिवंत टांगतात ती जागा पलीकडे आहे, तिथे पुरुष असतात. मी हाडं काढायच्या पट्ट्यावर आहे. माझ्यासमोरून मिनिटाला तीस कोंबड्या जातात. प्रत्येकीला सुरीचे तीन घाव. थंडी इतकी, की बोटं आपली आहेत हे बघून खात्री करावी लागते. मोरीवर जायला पाळीत दोनदा सोडतात. तेही मुकादमाच्या मर्जीवर. काही बायका दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत. काही आणखी काय करतात ते मी लिहिणार नाही.

एक बाई आहे. नाव विचारू नकोस. तिची उजवी मूठ मिटत नाही. हात दुखतो म्हणून ती कारखान्याच्या नर्सकडे गेली, तर नर्सनं गोळी दिली, मलम दिलं नि परत पट्ट्यावर पाठवलं. तिसऱ्यांदा गेली तेव्हा विचारलं, "घरी बसायचंय का?" तेव्हापासून ती जातच नाही. गायनवृंदाच्या जुन्या जांभळ्या झग्याची चिंधी काढून सुरी तळहाताला बांधते आणि वर रबरी हातमोजा चढवते, म्हणजे दिसत नाही. मूठ मिटत नाही हे कळलं की दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बाई उभी असेल. हे काम गेलं तर इथे दुसरं नाही.

गेल्या महिन्यात कामगारांच्या संघटनेसाठी नावं लिहून घ्यायला एक माणूस वही घेऊन चर्चमध्ये आला होता. गोड बोलला. पुढच्या आठवड्यात पट्ट्यावरच्या दोघींना कामावरून काढून घरी पाठवलं. त्यामुळे आता कोण कुणाचं आहे ते कळत नाही. माझं एर्लिन गॅडिससोबत तिच्या गाडीतून कामाला जाणंयेणं आहे तेवढंच बरं चाललंय. एर्लिनच्या भाच्याला कारखान्याच्या गोदामात बढती मिळाली, तिनं केक केला होता.

हे कुणाला दाखवू नकोस.

लुव्हेनिया मावशी


डेट्रॉइट
२५ मार्च १९९६

मावशी,

कांदा काळा केला. तळघरात धूर झाला, वरून चौकीदार धावत आला, आणि मग तोच जेवायला बसला. त्या म्हातारबाबांनी माझ्याकडे संशयानं बघितलं नि कुजबुजले, "घातलीस ना मान? सांगत नाही कुणाला."

त्या तीन शब्दांबद्दल मी काय बोलू? मला लाज वाटली. खरंच वाटली. तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचतेय. इतकी वर्षं मी कोंबडीच्या बाजूनं बोलतेय आणि तिच्यासमोर सुरी घेऊन उभ्या असलेल्या बाईचा मला विचारच शिवला नाही. असलं लिखाण लोकांपर्यंत पोचायला हवं मावशी. गप्प राहून कुणाचं भलं झालंय?

आणि आता चष्म्याचं. आईच्या मयताला कुणी कोणता पदार्थ आणला याची यादी एर्लिनबाईंनी लिहिली होती, आभाराची कार्डं पाठवायला सोपं जावं म्हणून. ती यादी अजून माझ्याकडे आहे. त्यात सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ आहे. तुझ्या पाकिटावरच्या घराच्या नंबरातल्या सातलाही आहे. म्हणजे तुझी पत्रं एर्लिनबाई लिहितात. म्हणजे मी तुला लिहिते तेही त्या वाचतात.

का, मावशी? तुला लिहिता येतं. तुझं अक्षर आईपेक्षा चांगलं होतं. तुझ्यावर कुणी पहारा ठेवलाय का?

मी उगाच लावालावी करत नाही, पण तूच बघ. वहीवाला माणूस येतो, पुढच्या आठवड्यात दोघींना घरी पाठवतात. कुणीतरी नावं सांगितली असणार. आणि नेमकी एर्लिनबाईंच्या भाच्याला बढती मिळते. ती का मिळाली? तू केक खाल्लास, विचारलं नाहीस.

हे पत्र तू एकटी असताना वाच आणि त्यांच्या हाती लागू देऊ नकोस. उत्तर स्वतःच्या हातानं लिही, दोन ओळी का होईना. म्हणजे मला कळेल की तूच बोलते आहेस.

जॉनेटा


बेथेल क्रीक
२० एप्रिल १९९६

जॉनेटा,

स्वतः लिहितेय. अक्षर बघ नि समजून घे. जास्त होणार नाही.

ती बाई मीच.

ईस्टरनंतरच्या सोमवारी हॉलिसनं मला खोलीत बोलावलं. टेबलावर छापील कागद होता. माझ्याकडे उलटा, पण "जांभळी चिंधी" एवढं मला वाचता आलं. म्हणाला, "लुव्हेनिया, हातमोजा काढ." काढला. म्हणाला, "मूठ मीट." मिटली नाही. दुपारी घरी आले. मंगळवारी माझ्या जागी दुसरी पोरगी उभी होती.

चिंधीचं इथे फक्त एर्लिनला माहीत होतं. तीच सकाळी गाडीत बांधून द्यायची. आणखी कुणालाही नाही.

तुझं पत्र मी आधी चुलीत टाकणार होते. आता वाटतं, तू लांबून बघितलंस म्हणून तुला दिसलं. मी एर्लिनशी बोलणं बंद केलंय. रविवारी चर्चमध्ये बाक बदलला. आणखी दोघींना सांगितलं, त्यांनीही बदलला.

एकतीस वर्षांची मैत्री. हात दुखतो. पुरे.

लु.


डेट्रॉइट
२७ एप्रिल १९९६

मावशी गं,

ती तू होतीस. मला कळायला हवं होतं. तुझं ते वेडंवाकडं अक्षर बघून मी जिन्यातच बसले. तू आता घरी आहेस तर आधी खऱ्या डॉक्टरला हात दाखव. कारखान्याच्या नव्हे. राज्याच्या कामगार मंडळाकडे दावा करता येतो, इथल्या एका वकीलबाईंना विचारून मी सगळं कागदावर उतरवून पाठवतेय. सोबत जोडलंय. त्यात सांगितलंय तसंच कर.

तो कागद कसा होता? छापील म्हणजे टंकलिखित, की पत्रकासारखा घडी घातलेला? वर काही चित्र होतं का? पांढरा होता की पिवळा? आठवलं तर कळव. सहज विचारतेय.

कारखान्याची हीच रीत असते मावशी, माणसांना एकमेकांवर सोडायचं. कुणी सांगितलं, कसं सांगितलं, हे आता खणत बसून तुझा हात बरा होणार नाही. तू सध्या कुणाला काही विचारू नकोस. एर्लिनबाईंना तर नकोच. जे झालं ते झालं. तब्येतीला जप.

जॉनेटा


बेथेल क्रीक
६ मे १९९६

जॉनेटा बाईसाहेब,

मी एर्लिन गॅडिस. सातच्या पोटात रेघ मारणारी. तुझं मार्चचं पत्र तुझ्या मावशीनं मला दाखवलं नाही, तोंडावर फेकलं. म्हणून मला माहीत आहे तू काय लिहिलंस ते.

आता मी लिहिते, तू वाच.

ऑक्टोबरपासून तुझ्या मावशीला पेन धरता येत नाही. पेन काय, केसांत कंगवा धरता येत नाही. तिचे केस मी विंचरते. म्हणजे विंचरायचे. तिच्या ब्लाउजची बटणं मी लावायचे. तुला कळू द्यायचं नाही अशी शपथ तिनं मला घातली होती, कारण तुझी आई गेल्यापासून तू आधीच पोटाला चिमटा काढून जगतेस, तुला आणखी एक घोर नको, असं तिचं म्हणणं. पत्रं ती सांगायची, मी लिहायचे. कांद्याचं लिहिताना आम्ही दोघी इतक्या हसलो की मला कागद बदलावा लागला. आणि "हे कुणाला दाखवू नकोस" हे ती सांगायची विसरली होती. ते मी आठवण करून दिलं. माझ्याच हातानं लिहिलेलं वाक्य आहे ते.

माझ्या भाच्याला बढती मिळाली कारण त्यानं सहा वर्षं रात्रपाळी केली.

गेल्या रविवारी मी आमच्या चर्चला गेले नाही. तिथे मी गेले की बाकावरची माणसं उठतात. म्हणून इथून अकरा मैलांवर सेंट मार्कच्या चर्चला गेले, जिथे मला कुणी ओळखत नाही. बाकाच्या पाठीला हातपंखे खोचलेले असतात ना, त्यात एक पिवळं पत्रक होतं. डेट्रॉइटच्या चर्चचं, ईस्टरच्या आदल्या रविवारचं. त्यावर तुझ्या स्वयंपाकघराचं नाव, ताटाचं चित्र आणि खाली: "मिसिसिपीहून आलेलं पत्र." पट्टा. मोरी. नर्स. जांभळी चिंधी. शब्द न् शब्द माझ्या हातचा.

तुमच्या चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या हाताखाली असतात ते डीकन रेफर्ड सिम्स त्यांच्या आईकडे ईस्टरला आले होते. येताना पन्नास पत्रकं आणली आणि सेंट मार्कमध्ये प्रार्थनेनंतरच्या न्याहारीला मोठ्यानं वाचून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. तिथून हॉलिसच्या टेबलावर कसं गेलं ते मला ठाऊक नाही, पण कोंबड्यांच्या कारखान्यात जाणारी माणसं सेंट मार्कमध्येही बसतात.

पोरी, डेट्रॉइटमध्ये राहणारं निम्मं माणूस आमच्याच मातीतलं आहे. सणाला गावी येतं, येताना पत्रकं आणतं. तुझ्या आजीनंही तुमच्याकडची पत्रकं पेटीभर जपून ठेवली होती. आणि तुला वाटलं, तिकडे बोललेलं इकडे ऐकू येत नाही?

ते पत्रक मी तुझ्या मावशीला दाखवलेलं नाही. दाखवलं तर ती मला परत मिळेल, पण तू तिला कायमची जाशील. बहिणीची एकुलती एक पोर तू. म्हणून तूच सांग. दोन आठवडे थांबते. मग मी माझ्या पद्धतीनं सांगेन.

एर्लिन गॅडिस


डेट्रॉइट
१६ मे १९९६

मावशी,

हे पत्र मी पाच वेळा फाडलं.

एर्लिनबाईंनी काही केलेलं नाही. मी केलं. तुझं पत्र मी आमच्या रविवारच्या पत्रकात छापलं. नाव काढलं, गावाचं नाव काढलं, आणि मला वाटलं आता हे कुणाचंच नाही. इतकं खरं होतं ते मावशी, आणि मला दाखवायचं होतं की आमचं स्वयंपाकघर नुसतं पालापाचोळा खाणाऱ्यांचं नाही. लोक रडले. पाद्रीबाबांनी व्यासपीठावरून माझं नाव घेतलं. मला ते आवडलं. हेही लिहायला हवं, म्हणून लिहितेय.

त्यातलं सगळ्यात वाईट पुढे आहे. मी तुला एर्लिनबाईंविरुद्ध लिहिलं २५ मार्चला. त्याच दिवशी सकाळी मी पत्रक छापखान्यात टाकून आले होते. एका हातानं तुझी गोष्ट चव्हाट्यावर मांडली आणि दुसऱ्या हातानं तुला लिहिलं की दुसरं कुणीतरी फितूर आहे. आणि तुझं २० एप्रिलचं पत्र आलं, त्यात छापील कागद हे दोन शब्द वाचले, तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी तुला विचारलं, कागद पांढरा होता की पिवळा. मनात देवाला म्हणत होते, पांढरा असू दे. आणि वर लिहिलं, एर्लिनबाईंना काही विचारू नकोस.

मी स्वयंपाकघर बंद केलंय. दाराला कुलूप लावलं. लोकांना दया शिकवायला निघालेल्या बाईनं हे केलं, तिच्या हातचं कुणी का खावं? सहा दिवस झाले, मी पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. घशाखाली उतरत नाही, आणि उतरू नये असंच वाटतं.

तू उत्तर दिलं नाहीस तरी मला समजेल.

जॉनेटा


बेथेल क्रीक
९ जून १९९६

जॉनेटा,

हे पत्र इथल्या पाद्रीबाबांची बायको लिहून घेतेय, म्हणून यातल्या शिव्या गाळलेल्या आहेत. तुझ्या तू घालून वाच.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून ओसरीवर बसून राहिले. दुसऱ्यांदा वाचून तुझ्या लहानपणीचा फोटो भिंतीवरून काढला. तिसऱ्यांदा वाचून परत लावला, पण तिरका लागलाय आणि मी तो सरळ करणार नाही. काही झालं नाही असं मी म्हणणार नाही. झालं. मी तुला दाखवू नको म्हणाले होते. माझं दुखणं माझं होतं, ते कुणाला कधी सांगायचं हे मी ठरवायचं होतं. नाव काढलं म्हणजे माणूस झाकला जातो असं तुला वाटलं. तुझ्या पाठीशी टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी इकडे हातमोजा काढत होते.

पण यातलं एक तुझं नाही, ते माझं आहे, आणि ते तू तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस. तू एर्लिनविरुद्ध एक पान लिहिलंस. विश्वास मी ठेवला. जी बाई रोज सकाळी माझी बटणं लावत होती तिला मी एकदाही तोंडावर विचारलं नाही, "एर्लिन, तू सांगितलंस का?" विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात निकाल लागला असता. त्याऐवजी मी बाक बदलला आणि आणखी दोघींचे कान भरले. कारखान्यात सगळे एकमेकांकडे तिरके बघतात, तेच बघणं मी चर्चमध्ये आणलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी तिच्या दारात गेले. ती ओसरीवर चवळीच्या शेंगा सोलत होती. बस म्हणाली नाही. मी पायरीवर उभी. म्हणाली, "डेट्रॉइटहून पत्र आलं वाटतं."

म्हटलं, "आलं. एर्लिन, मी चुकले. सगळ्यांसमोर तुला वाईट ठरवलं, सगळ्यांसमोरच माफी मागते."

"माग."

रविवारी मागितली. चर्चमध्ये आभाराच्या प्रार्थनेवेळी उभी राहिले नि तिचं नाव घेऊन सांगितलं. तिनं मान वर केली नाही. प्रार्थना संपल्यावर सगळ्या तिच्याभोवती जमल्या, ती वाट काढून गाडीत बसली नि गेली.

आता तुझ्या उपासाचं. सहा दिवस न जेवून तू कुणाचं पोट भरलंस? माझा हात बरा झाला? त्या गुरुवारी साठ माणसं तुझ्या दाराशी आली असतील आणि कुलूप बघून परत गेली असतील. तो म्हातारबाबा तळघराच्या पायऱ्या उतरून परत चढला असेल. चूक तू केलीस आणि उपाशी ते राहिले. तुझ्या आईचंही हेच होतं, स्वतःला शिक्षा करायला बसली की घरातल्या सगळ्यांना भोगायला लागायची. कोंबडीची तुला दया येते, माझी येते, अनोळखी माणसांची येते. स्वतःची येऊ दे थोडी. चुकलेल्या माणसालाही जेवायला लागतं. अजून तशीच बसली असशील तर आज काहीतरी खा. हे मी चिडूनच सांगतेय, पण सांगतेय.

तुझ्या वकीलबाईंच्या कागदाप्रमाणे दावा केला. मंगळवारी जॅक्सनला सुनावणी होती. मला न्यायला कुणी नव्हतं, सगळ्या कामावर. बसनं जायचं ठरवून सकाळी सहाला दार उघडलं तर समोर एर्लिनची गाडी. हॉर्न नाही, हाक नाही. मी बसले. माझ्या ब्लाउजची वरची दोन बटणं उघडी होती, मला लागतच नाहीत. तिनं ती लावली आणि गाडी सुरू केली. साठ मैल एक अक्षर बोलली नाही. मी दोनदा हवेबद्दल बोलून बघितलं.

तिथे एक लांब टेबल. कारखान्याचा वकील, त्याच्याशेजारी ती नर्स. अधिकारी म्हणाले, "बाई, उजवा हात वर करून शपथ घ्या." मी वर केला. खांद्यापर्यंतही गेला नाही. डावा चालेल का विचारलं, तर वकील म्हणाला, घरी चांगली कामं करतात म्हणे या, इथेच कसा हात उचलत नाही. एकोणीस वर्षांत मी त्यांच्यासमोर रडले नव्हते, आणि आता ते होणार असं वाटलं.

मागच्या खुर्चीवरून एर्लिन उठली. टेबलाला वळसा घालून आली, माझा कोपर एका हातानं धरला, मनगट दुसऱ्या हातानं, आणि माझा हात उचलून वर धरला. अधिकारी म्हणाले, "बाई, तुम्ही साक्षीदार नाही आहात." एर्लिन म्हणाली, "नाही. तुम्ही शपथ द्या, मी धरून ठेवते."

मग मी शपथ घेतली. मग सगळं सांगितलं. पट्टा, मोरी, नर्सची गोळी, सगळं, तुझ्या पत्रकात होतं ते आणि नव्हतं तेही, माझ्या नावानिशी. अर्धा तास बोलले. एर्लिन तोवर उभीच होती, हात खाली आणला तरी तिनं सोडला नव्हता. निकाल ऑगस्टमध्ये आहे. काय लागेल ते ठाऊक नाही. घरी आल्यावर कळलं, आपल्या पट्ट्यावरच्या चौघी आता स्वतःच्या नावानिशी तक्रार द्यायला तयार आहेत. त्यांना तू जुलैमध्ये येऊन स्वतः सांगायचं, पत्रक कुणी छापलं ते. पत्रानं नाही, उभी राहून. आपल्यात अजूनही कुणीतरी फितूर आहे असं त्यांना वाटतंय, आणि तसं वाटत राहिलं तर त्या आयत्या वेळी मागे सरतील.

परतीच्या वाटेवरही एर्लिन बोलली नाही. अजून बोलत नाही. रोज सकाळी येते, केस विंचरते, बटणं लावते नि जाते.

तेव्हा आधी जेव. मग कुलूप काढ आणि गुरुवारचं जेवण घाल. मग ये. आलीस की माझ्याकडे यायच्या आधी तिच्या दारात जा. ती तुला बस म्हणणार नाही, बराच वेळ म्हणणार नाही. उभी राहा.

तुझी मावशी
लुव्हेनिया